परत आलेल्या शेळीचे पाय

शेळी घ्यायला आलेला माणूस आधी तिचं तोंड उघडतो. अंगठ्यानं खालचा ओठ दाबायचा आणि दात बघायचे. खालचेच बघायचे, कारण वर पुढच्या बाजूला शेळीला दात नसतातच. नुसते दुधाचे दात असले तर ती अदंत. दोन मोठे आले की दोनदाती, मग चारदाती, सगळे आले की जुळलेली. जुळल्यानंतर वय अंदाजानं सांगायचं. कुणी छातीवर हात ठेवून सांगत असला तर तो खोटं बोलतोय असं समजायचं. दातांनंतर पाठीवर मूठ आवळून मांस बघतात, मग कास चाचपतात, मग शेपूट उचलतात. एवढं सगळं करून माणूस "बघू" म्हणतो आणि निघून जातो. दुसरा येतो, तो परत तोंड उघडतो. दुपारपर्यंत शेळीचा जबडा दुखत असणार. तिला कुणी विचारलेलं नाही.

मी सोजरबाई, दिंद्रुडची. चौथी शिकले. नवरा गेल्यापासून गुडघे जाईपर्यंत आसपासच्या आठवडी बाजारांत शेळ्या घेतल्या आणि विकल्या. आता दारात दोन-तीन शेळ्या आहेत, त्या मला सोडत नाहीत म्हणून.

या अंकवाल्यांनी लेख मागितला होता गिरिजाला. गिरिजा इतकी वर्षं माझ्याकडं राहिली. भूगोलात पीएचडी करते, तीही आठवडी बाजारांवर. ती त्यांना म्हणाली, "मला बाजार कळतो तो पुस्तकातून आणि मावशीकडून. तुम्ही मावशीलाच मागा." आणि कागद-पेन आणून माझ्यापुढं ठेवलं. मी म्हटलं, "लिहायचंच असंल तर तुझ्यावर पण लिहीन." ती म्हणाली, "लिहा. पण माझं जुनं नाव लिहायचं न्हाई." मला ते नाव माहीत आहे. लिहीत नाही.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

जनावरांच्या बाजारात भाव बोलून ठरत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात. बघणाऱ्याला वाटावं, दोन जुने दोस्त भेटलेत. चेहरे कोरे असतात. सौदा झाला तरी कोरे, मोडला तरी कोरे. का मोडला ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

माझा नवरा या कामात वस्ताद होता. तो गेला, शेळ्या राहिल्या, आणि मी त्या घेऊन बाजारात उभी राहिले. मला बघून व्यापाऱ्यांनी खांद्यावरचे रुमाल खांद्यावरच ठेवले. बाईचा हात धरायचा कसा, आणि तोही रुमालाखाली. वाईट कुणी बोललं नाही. उलट आदर लई केला. "वहिनी, तुमी सावलीत बसा, आमी बघतो," म्हणाले. मी सावलीत बसले. शेळ्या उन्हात तशाच राहिल्या आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी आल्या.

असे काही बाजार गेल्यावर माझं डोकं फिरलं. सावलीतून उठले, मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं भाव बोलले. आजूबाजूची माणसं गप झाली. तिथं भाव मोठ्यानं बोलणं म्हणजे पंगतीत उभं राहून स्वतःच्या पोटदुखीबद्दल सांगण्यासारखं होतं. बशीरभाई म्हणून एक व्यापारी होता, माझ्याच वयाचा. तो पुढं आला.

"क्या सोजरबाई, लिलाव लावलाय का?"

"हात धरायची लाज वाटती ना? मग कान उघडे ठेवा."

तो हसला. तोही मोठ्यानं भाव बोलला. मी नको म्हटलं. तो थोडा वर आला. बघायला गर्दी झाली, आणि गर्दीसमोर त्याला माघार घेता येईना. त्या दिवसापासून माझा सौदा बोलून व्हायला लागला. त्यात मी माझा एक नियम घातला. माझ्या शेळीचं तोंड उघडलं आणि ती नको वाटली, तर कावून नको, म्हणजे का नको, ते बोलून जायचं. "बघू" चालणार नाही.

लोक चिडायचे. काही जण दुसरीकडं जायचे. पण बहुतेकांना नंतर गंमत वाटायला लागली. एक निवृत्त गुरुजी होते. दर बाजारी यायचे, सगळ्या शेळ्यांची तोंडं उघडायचे, घ्यायचे कधीच नाहीत. एकदा मी त्यांना धरलं. म्हटलं, गुरुजी, आज कारण सांगितल्याशिवाय सोडणार नाही. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "शेळी नकोच हाय मला. घरात सूनबाई म्हणते, दिवसभर डोळ्यापुढं बसू नका." खरं कारण होतं. पुढं ते आले की मी त्यांना बसायला पोतं द्यायची आणि एखाद्या शेळीचं तोंड उघडू द्यायची.

नारायणगडाच्या जत्रेला मात्र मी कधी शेळ्या नेल्या नाहीत. बशीरभाई म्हणायचा, तिथं गर्दी लई, जात कावून न्हाईस? मी म्हणायची, "सगळे माळकरी. तिथं तुजं बी गिऱ्हाईक न्हाई आन् माजं बी न्हाई. नुसता नमस्कार करून ये."

आता घरची रीत. खपली नाही ती शेळी परत येते. माझ्या सासूनं लावून दिलेलं होतं की परत आलेल्या शेळीला तशीच आत बांधायची नाही. दारात तिच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा, मग आत घ्यायची. नवी विकत आणलेली शेळी घेतात तशी. आणि ती का परत आली हे घरात कुणी बोलायचं नाही. मी नवी सून असताना सासूला विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "दिवसभर लोकाचे हात लागलेत तिला." त्याहून जास्त ती कधी काही सांगायची नाही.

आता गिरिजा.

तिचं घर दुकानदारांचं, महादेवाचे भक्त, सोमवार पाळणारे. बाजाराच्या दिवशी तिचे वडील ताडपत्री टाकून किराणा मांडायचे, माझ्या शेळ्यांच्या पलीकडं. गिरिजा लहान असताना गुळाच्या ढेपेला टेकून बसलेली असायची. तेव्हा तो मुलगा आहे असं सगळे समजत होते, ती एकटी सोडून. हे तिनं मला लई वर्षांनी सांगितलं. वडील गेले, आई गेली, दुकान तिनं चाळिशीपर्यंत चालवलं. मग एक दिवस साडी नेसून गल्ल्यावर बसली. धाकट्या भावानं दुकान स्वतःकडं घेतलं. ती भांडली नाही. तिनं कॉलेजात नाव घातलं.

गावाला साडीपेक्षा कॉलेजाचंच नवल जास्त वाटलं. साडीचं लोक थोडे दिवस बोलले आणि कंटाळले. पण केस पिकायला लागलेली बाई पुस्तकं मांडीवर घेऊन एसटीत बसते हे त्यांना पटेना. "आता शिकून काय करनार?" असं मलाच विचारायचे, जसं काही मीच तिला शाळेत घातलं होतं.

भावाच्या घरातून निघाली आणि माझ्याकडं खोली मागायला आली. मी विचारलं, "भाकरी येती का थापता?"

"न्हाई."

"मग बाई व्हायची एवढी घाई कावून केलीस?"

"तुमाला तरी कुठं येती, मावशी. सगळ्या गावाला माहीत हाय, कडेला जळती."

माझी भाकरी जळते हे खरं आहे. मी तिला खोली दिली.

एम.ए. झालं. प्राध्यापक व्हायला एक परीक्षा असते, तीही पास झाली. पीएचडी सुरू झाली आणि मुलाखतीही सुरू झाल्या. तिला कॉलेजात शिकवायचं होतं, दुसरं काही नको होतं. माजलगावच्या एका व्यापाऱ्यानं हिशोबाला बोलावलं, तर नको म्हणाली. "अर्धं आयुष्य तराजू धरला, मावशी. आता खडू धरायचाय."

पहिल्या मुलाखतीहून आली तेव्हा मला वाटलं काम झालं. त्यांनी तिला चहा दिला, बिस्किटं दिली, तुमचा आम्हाला अभिमान वाटतो म्हणाले. संस्थेचे अध्यक्ष दारापर्यंत सोडायला आले होते.

"मग घेतलं का?"

"कळवतो म्हणाले."

"कवा?"

"ते न्हाई सांगितलं."

"नको असंल तर कावून नको, ते?"

"असं विचारत न्हाईत, मावशी."

मला ती सावली आठवली. आदर लई होता.

त्यांनी काही कळवलं नाही. पुढच्या ठिकाणीही कळवतो म्हणाले. एका ठिकाणी वयाकडं बघून तुम्हाला दगदग झेपेल का, अशी काळजी केली. एका ठिकाणी अर्धा वेळ तिनं कोणता संडास वापरायचा यातच गेला. गिरिजा म्हणाली, "भूगोलाचं काहीच विचारलं न्हाई. नुसती वाट विचारली." ती असं हसून सांगायची, आणि मग खोलीत जाऊन जेवायची नाही.

अशीच एकदा संध्याकाळी आली. मी दारात भांडी घासत होते, तांब्यात पाणी होतं. तिच्या तोंडावरून कळलंच.

"थांब," म्हटलं. "पाय पुढं कर."

"कावून?"

"कर म्हटलं की करावं."

मी तिच्या पायांवर पाणी घातलं. टोपल्यातून भाकरीचा तुकडा आणून हातात दिला. ही रीत तिला माहीत होती, मीच तिला अभ्यासाला सांगितली होती.

"मी शेळी हाय का, मावशी?"

"शेळी असतीस तर आतापत्तर खपली असतीस. तू तर कवाच जुळलीस. जुळलेलीला गिऱ्हाईक कमीच असतं."

"चप्पल भिजली की माझी."

"शेळी चप्पल घालत न्हाई. पुढल्या येळंला काढून येत जा."

ती भाकरी खात आत गेली. आतून म्हणाली, "कडेला जळलीय." त्या दिवशी ती जेवली.

पुढच्या वेळी ती खरंच चप्पल काढून आली. एसटीतून उतरली की कोपऱ्यावरच काढायची आणि हातात घेऊन यायची. त्यामुळं मला लांबूनच कळायचं. हातात चपला दिसल्या की मी तांब्या भरून दारात उभी राहायची. शेजारणी विचारायच्या, ही अनवाणी कुठून येती, काही नवस बोललीय का? मी म्हणायची, "हो, लिंबागणेशच्या गणपतीला." गणपतीनं मनावर घेतलं नाही. नवसच बोललेला नव्हता, त्याला दोष नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ती मुलाखतीला जायचीच थांबली. कुठून तरी जाहिरात आली होती, ती तिनं वाचलीही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बस झालं, मावशी. अभ्यास पण सोडते. भावाला विचारलंय दुकानात बसू देतो का."

"काय म्हणला?"

"ये म्हणला. आधीसारखी शर्ट-पँट घालून ये म्हणला."

"आन् तू?"

ती उठून शेळ्यांना पाणी दाखवायला गेली. खोलीत गेले तर खाटेवर एक जुना शर्ट काढून ठेवलेला होता. घडी घातलेला, निळ्या रेघांचा. कुठं जपून ठेवला होता कोण जाणे.

मला समजूत घालता येत नाही. लोक रडायला लागले की मी चहा ठेवते. पण त्या शर्टाकडं बघून मला लई राग आला. भावाचा नाही. त्याच्या जागी तो त्याला जमतं तसं बोलला. मला राग आला त्या सगळ्या "कळवतो"वाल्यांचा. चहा-बिस्किटं देऊन त्यांनी एका माणसाला त्या शर्टापर्यंत आणून सोडलं होतं, आणि त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "भावाकडं जायचं तर जा. पण उद्या बाजार हाय. माज्या गुडघ्यानं दावं धरवत न्हाई. एक दिवस माज्यासंगं चल."

दावं म्हणजे शेळीच्या गळ्यातली दोरी.

आली. आता बाजार पहिल्यासारखा राहिलेला नाही. शेळी काट्यावर तोलतात. फोनवर फोटो पाठवून विकतात, तोंड उघडायलाही कुणी येत नाही. ज्या बाजारात पाय ठेवायला जागा नसायची तिथं आता मोटारसायकली लावतात. मला याचं वाईट वाटतं. पण बशीरभाई अजून येतो. त्याचेही गुडघे गेलेत. तो पत्र्याच्या खुर्चीवर बसतो, मी पोत्यावर.

एक पोरगा आला, इस्त्रीच्या कपड्यातला. गिरिजाच्या हातात दावं होतं. त्यानं शेळीचं तोंड उघडलं, पाठ बघितली, कास बघितली, आणि "बघू, मावशी" म्हणून वळला.

"थांब की. कावून नको ते बोलून जा."

"तसं काय न्हाई. शेळी चांगली हाय. लई चांगली हाय."

"चांगली हाय तर घे."

"न्हाई, म्हंजे..."

बशीरभाई खुर्चीवरून म्हणाला, "बोल दे बेटा. बोले बगैर छोडती नै ये."

पोरगा लाजला. म्हणाला, "कानाखाली पांढरा ठिपका हाय. घरच्यांचा नवस हाय, अख्खी काळीच पायजे."

"मग असं बोल की. त्यात काय."

सकाळपासून गप असलेली गिरिजा बोलली. "त्या टोकाला लिंबाखाली एकांची अख्खी काळी हाय. तिथं बघा." पोरगा तिला धन्यवाद देऊन गेला. माझं गिऱ्हाईक तिनं मलाच विचारल्याशिवाय दुसऱ्याला देऊन टाकलं. मी तिला त्यावरून घरी येईपर्यंत बोलले. ठिपक्याची शेळी दुपारी खपली. घेणाऱ्या बाईला तो ठिपकाच आवडला होता, कळपात ओळखू येते म्हणून.

परत येताना एसटीत गिरिजा म्हणाली, "नुसता ठिपका होता."

"मग काय तर."

"पण मावशी, समोरचा खरं कारण बोलला आन् ते लागलं, तर?"

"लागतं की. पण ते त्याचं कारण असतं, तो बोलून मोकळा होतो, आपण ऐकून मोकळे. न बोलता गेला की घरी येऊन आपणच शेळीचं सगळं अंग चाचपत बसतो, काय कमी हाय म्हणून."

घरी आल्यावर तिनं ती जाहिरात शोधून वाचली. भावाला सांगितलं, मुलाखत होऊ दे, मग कळवते. कळवते म्हणायची तिची पहिलीच वेळ.

मुलाखतीच्या सकाळी तिच्या पिशवीचा पट्टा तुटला. खांद्याला अडकवायची कापडी पिशवी, त्यात सगळी प्रमाणपत्रं. दुसरी पिशवी नव्हती, गाडीची वेळ झाली होती. मी खुंटीवरचं दावं काढलं आणि पट्ट्याच्या जागी बांधून दिलं. अंबाडीचं, चांगलं पक्कं.

"मावशी, याला शेळीचा वास येतोय."

"मग त्यांना कळंल तरी, बाजारावर अभ्यास खरंच केलाय."

संध्याकाळी मी दारात उभी होते. लांबून ती दिसली. चपला हातात होत्या. मी तांब्या उचलला. पण चाल निराळी होती, झपाझप येत होती. जवळ आली तर हसत होती. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पाणी घातलं, भाकरी दिली. रीत बाजूला ठेवून विचारलं, "काय झालं?"

ती उंबऱ्यावर बसूनच सांगायला लागली. तिघं होते. एक सर, एक संस्थेचे, आणि प्राचार्य मॅडम. भूगोलाचं नीट विचारलं. हिनं नीट सांगितलं. मग संस्थेचे म्हणाले, छान, कळवतो.

"मी उठले न्हाई, मावशी. म्हटलं, सर, नको असंल तर का नको तेवढं आत्ताच बोला. मी वाईट वाटून घेत न्हाई. लई बाजार केलेत मी."

"मग?"

"संस्थेचे पाणी प्यायले. सर माझ्या दाव्याकडं बघत बसले. मॅडम बोलल्या. म्हणल्या, तुमच्यात काही कमी नाही. पण पालक येऊन विचारतील, त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही."

"बोलली का तसं? तोंडावर?"

"तोंडावर. मग मी त्यांना ठिपक्याचं सांगितलं."

"शेळीचं?"

"हो. सगळं. बशीरभाईसकट. त्या हसल्या. सर पण हसले."

"मग घेतलं का?"

"न्हाई."

"मग हसतीस कशाला?"

"बोलल्या की त्या, मावशी," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी मागितली. भावाला तिनं निरोप पाठवला, तो शर्ट आता अंगाला येत नाही म्हणून.

पोळा होऊन गेला आणि त्या मॅडमचा फोन आला. गिरिजाऐवजी घेतलेले सर दुसरीकडं कायमचं काम मिळालं म्हणून निघून गेले होते, पोरं बिनतासाची बसलेली होती. वर्ष संपेपर्यंत तासावर शिकवायला याल का, असं त्यांनी विचारलं. गिरिजानं विचारलं, "पालकांना काय सांगायचं ठरलं का, मॅडम?" त्या म्हणाल्या, "भूगोल शिकवायला आल्यात असं सांगणार आहे. एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही." गिरिजानं फोन ठेवला आणि चुलीसमोर येऊन बसली. तिनं एक भाकरी थापून बघितली. चांदासारखी नाही झाली, पण कडेला जळलीही नाही.

कॉलेज लांब, म्हणून तिथंच एक खोली घेतली. पहिल्या दिवशी मी पोचवायला गेले. ऑफिसच्या बाहेर एक गृहस्थ टेबलाशी बसले होते, कडक शर्ट, चष्मा. आमच्या धंद्यात जनावर दुसऱ्याच्या हवाली करताना त्याच्या सवयी सांगतात. काय खातं, कशाला बुजतं. माझ्या तोंडून तसंच निघून गेलं.

"सकाळी चहा झाल्याबिगर बोलत न्हाई ही. पंख्याखाली निजली की सर्दी होती. कुणी वरडलं तर उलटून बोलत न्हाई, पर इसरत बी न्हाई."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, मी शिपाई आहे. मॅडम आत आहेत."

"मग तूच ध्यानात ठिव. मॅडमला येळ मिळायचा न्हाई."

गिरिजा भिंतीकडं तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. नंतर म्हणाली, शिपायांनी तिला मधल्या सुटीत विचारलं, चहा झाला का मॅडम?

निघताना मी फाटकाशी थांबले आणि म्हटलं, "दावं सोड."

हाही आमच्याकडचा नियम आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं स्वतःचं आणायचं, जुनं आपल्या खुंटीला परत यायचं. तिनं पिशवी छातीशी धरली.

"देत न्हाई."

"खपलेलीचं दावं मागं राहतं, गिरजे. पगार झाला की नवी पिशवी घे."

"मी कुठं खपलेय? वर्ष संपलं की नेमणूक संपली. पुढल्या साली परत जाहिरात, परत मुलाखत, परत तोंड उघडायचं. मला इकलं न्हाई तुमी, मावशी. अर्धलीनं दिलंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अर्धलीनं म्हणजे वाट्यानं. आपली शेळी दुसऱ्याला सांभाळायला द्यायची. तो चारापाणी बघतो. करडं झाली की निम्मी त्याची, निम्मी आपली, आणि शेळी शेवटी आपलीच. ती परत यायची असते, म्हणून ती मात्र दाव्यासकट जाते.

मी जन्मभर सौदे केले. तिथं फाटकात उभी राहून विचार केला, पण तिच्या बोलण्यात मला चूक काढता आली नाही.

"बरं," म्हटलं. "मग करडं निम्मी माजी."

"देते की," ती म्हणाली आणि दावं खांद्यावर नीट करून आत गेली. गाठ सैल झाली होती. हाक मारून परत बोलावलं आणि आवळून दिली.

गेल्या बाजारी मी बशीरभाईशेजारी पोत्यावर बसले होते. एक मोठी गाडी येऊन थांबली आणि त्यातून पोरं-पोरी उतरायला लागली. उतरतच राहिली. त्यांच्या मागून गिरिजा, छत्री घेऊन. कॉलेजची सहल होती, बाजाराचा अभ्यास करायला. पोरी "मॅडम, हे काय, मॅडम, ते काय" करत होत्या. एका पोरीची ओढणी शेळीनं तोंडात धरली होती. एका पोरानं मला विचारलं, "आजी, रुमालाखाली नक्की काय करतात?"

"ते बशीरभाईला इचार. मला तिथं कुणी हातच घालू दिला न्हाई."

बशीरभाईनं त्या पोराचा हात धरला, वर रुमाल टाकला, आणि पोरगा गुदगुल्या झाल्यासारखा हसायला लागला. मग रांग लागली. पोरीही रांगेत होत्या. बशीरभाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पहिल्या पोरीला विचारलं, "हाथ पकडू का बेटी, के बोलके करेगी? हमारी सोजरबाई बोलके करती थी." पोरगी म्हणाली, "बोलून." आणि ती इतक्या मोठ्यानं भाव बोलली की पलीकडची बकरं बुजली.

गिरिजा माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या खांद्यावर पिशवी होती, पिशवीला दावं होतं. वर्ष संपलं की ती परत येईल. किंवा ते तिला पुढच्या वर्षाला ठेवून घेतील. तिलाही माहीत नाही, मलाही माहीत नाही. तांब्या दारातच असतो.

"मावशी," ती म्हणाली, "ही सगळी आणलीत. निम्मी तुमची. निवडून घ्या."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले, पदर खोचला आणि म्हटलं, "रांगेत उभे ऱ्हावा. आन् आधी सगळ्यांनी तोंड उघडा."